सोपारा : संकटातील सोबतीचे गाव

विरार स्थानकाच्या पश्चिमेला उतरणारी जैन यात्रेकरू मंडळी बहुधा एकाच दिशेने निघतात. रिक्षा बोळींजवरून आगाशीकडे वळते, इमारतींची दाटी हळूहळू विरळ होते आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना केळीच्या वाड्या दिसू लागतात. आगाशीच्या देरासरात श्री मुनिसुव्रत स्वामींचे दर्शन होते, पूजा होते. शनिवार असेल तर रांग लांबते. जेवण आटोपून दुपारच्या लोकलने मंडळी मुंबईला परततात. मुंबईचे मोतीशा शेठ यांचे नाव परंपरेने या देरासराशी जोडलेले आहे. शत्रुंजयावर कुंतासरची दरी भरून टूंक उभारण्याचे काम हाती घेणारे आणि १८३४ साली जमशेदजी जीजीभाई यांच्यासह मुंबईच्या पांजरपोळाचा पाया घालणारे हेच ते मोतीशा. समुद्रव्यापार करणाऱ्या शेठांना हा किनारा परका नव्हता.

आगाशीहून दक्षिणेला थोड्याच अंतरावर दुसरे एक गाव आहे. तिकडे मात्र यात्रेकरूंची रिक्षा सहसा वळत नाही. त्या गावाचे नाव सोपारा. नालासोपारा या स्थानकाच्या नावात ते टिकून आहे, इतकीच त्याची आजची ओळख. ज्या नगराला जुने ग्रंथ शूर्पारक, सोपारक म्हणतात, ते हेच. सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा पंडित भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ साली येथेच मिळाला. नवव्या लेखाचा तुकडा १९५६ साली जवळच्या भुईगावात सापडला. बुरुड राजाचा कोट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या टेकाडाचे उत्खननही भगवानलालांनीच केले. आतून विटांचा बौद्ध स्तूप निघाला आणि त्याच्या गाभ्यात दगडी पेटी. चक्रेश्वर तळ्याकाठी ब्रह्मदेवाची मोठी पाषाणमूर्ती आहे. ज्या खाडीतून गलबते आत येत, ती गाळाने भरली. बंदर गेले, गाव राहिले.

जैन घरांत आयंबिलच्या ओळीत श्रीपाल-मयणासुंदरीची कथा वाचली जाते. तिच्यातही सोपारक नगर येते. सर्पदंश झालेल्या राजकन्येला श्रीपाल जेथे जीवदान देतो, ते हे नगर. परंतु सोपाऱ्याशी जोडलेली याहून मोठी कथा श्वेतांबर परंपरेने जपून ठेवली आहे, आणि ती राजवाड्यात घडत नाही. ती एका व्यापाऱ्याच्या स्वयंपाकघरात घडते.

आर्य वज्रस्वामींच्या अखेरच्या काळात बारा वर्षांचा दुष्काळ पडला. वज्रस्वामींनी अनशन स्वीकारले. त्यापूर्वी त्यांनी आपले शिष्य वज्रसेन यांना विहार करण्यास सांगितले आणि एक खूण दिली. ज्या दिवशी एक लाख मोलाचे अन्न शिजलेल्या घरी भिक्षा मिळेल, त्याच्या दुसऱ्या दिवशी सुभिक्ष होईल. वज्रसेन फिरत फिरत सोपाऱ्यास आले. तेथे जिनदत्त नावाचे श्रेष्ठी आणि त्यांची पत्नी ईश्वरी राहत होती. त्यांना चार पुत्र होते : नागेंद्र, चंद्र, निर्वृत्ती आणि विद्याधर. घरात पैसा होता, बाजारात धान्य नव्हते. लाख मोल मोजून एका वेळेपुरते तांदूळ मिळाले. यापुढे काही मिळणार नाही असे ठरवून कुटुंबाने तो भात शिजवला आणि त्यात विष कालवून सर्वांनी एकत्र शेवट करावा असा निश्चय केला. विष कालवण्याच्या बेतात असतानाच वज्रसेन गोचरीसाठी दारात उभे राहिले. ईश्वरीने आनंदाने भिक्षा वाढली आणि खरी हकीकत सांगून टाकली. वज्रसेनांना गुरूंची खूण आठवली. त्यांनी तिला थांबवले आणि उद्या धान्य येईल असे सांगितले. दुसऱ्या दिवशी धान्याने भरलेली जहाजे सोपाऱ्याच्या बंदराला लागली. पुढे त्या कुटुंबाने दीक्षा घेतली आणि चार पुत्रांच्या नावांनी चार कुले चालू झाली. आजचे तपागच्छ, खरतरगच्छ आपली परंपरा चंद्रकुलाशी जोडतात. म्हणजे मुंबईच्या कोणत्याही उपाश्रयात वंदन करणारा श्रावक नकळत सोपाऱ्यातील त्या स्वयंपाकघराशी जोडलेला असतो.

प्रवचनांत या कथेतील भविष्यवाणीवर भर दिला जातो, आणि ते योग्यच आहे. तथापि कथेत आणखी एक गोष्ट घडते, तिच्याकडे सहसा लक्ष जात नाही. ईश्वरी बोलली. तिने नेहमीच्या रीतीने भिक्षा वाढून, नमस्कार करून दार लोटून घेतले असते, तर खूण सांगणारा महात्मा दारात येऊनही उपयोग झाला नसता. लाख मोलाचा भात परवडणारे घर म्हणजे गावात नाव असलेले घर. अशा घरातील गृहिणीने बाहेरच्या माणसासमोर ‘आमच्याकडे आता काही उरलेले नाही, आणि आम्ही हे ठरवले आहे’ असे म्हणणे त्या काळी सोपे नव्हते, आजही नाही. त्या कुटुंबात प्रेम होते, एकमत होते, शिस्तही होती. सहाही जणांनी मिळून निर्णय घेतला होता. नव्हते ते एवढेच, की बंद दाराआड घेतलेला निर्णय कोणी बाहेरच्याने ऐकलेला नव्हता. एकमत झालेला गटही चुकीच्या वाटेने जाऊ शकतो, आणि तेव्हा त्याला वाचवतो तो दार उघडून बोलणारा एक जण.

व्यापारी घराण्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. पेढीवर तंगी आली की पहिला प्रयत्न ती झाकण्याचा होतो. धाकट्या भावाला कळू नये, व्याह्यांना कळू नये, बाजाराला तर मुळीच कळू नये. आब राखण्याची ही सवय चांगल्या दिवसांत पत वाढवते. वाईट दिवसांत तीच माणसाला एकटे पाडते. साधर्मिक भक्तीची परंपरा समाजात जिवंत आहे, मदत करणारे हातही आहेत. पण मदत मागणारा आवाजच आला नाही तर ते हात कोणाच्या दारी जाणार?

सोपाऱ्याच्या गल्ल्यांतून बाहेर पडून पूर्वेकडे स्थानकाच्या दिशेने निघाले की जमीन किती सखल आहे हे पायांना जाणवते. वसईचा नकाशा पाहिला तर त्याचे कारण कळते. दक्षिणेला उल्हास नदीचे मुख, म्हणजे वसईची खाडी. उत्तरेला वैतरणा. पश्चिमेला समुद्र, पूर्वेला तुंगारेश्वराचे डोंगर. डोंगरावर पडलेला पाऊस पश्चिमेला धावतो आणि भरतीच्या वेळी समुद्र त्याला आत घेत नाही. मधल्या भागात शेते, मिठागरे, तळी आणि नाले होते तोवर पाणी तेथे थांबत असे व ओहोटीला निघून जात असे. आता त्यांतील पुष्कळ जागांवर इमारती उभ्या आहेत. २०११ च्या जनगणनेत वसई-विरार महापालिकेची लोकसंख्या १२ लाखांहून अधिक होती. पाण्याची जागा माणसांनी घेतली. त्या माणसांना दुसरीकडे जागा परवडत नव्हती हेही तितकेच खरे आहे, त्यामुळे दोष देताना जरा जपूनच द्यावा.

९ आणि १० जुलै २०१८ या दोन दिवसांनी या भूगोलाचा हिशेब मांडला. वसई, नालासोपारा, विरार पाण्याखाली गेले. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढले आणि विरारकडची लोकलसेवा थांबली. लांब पल्ल्याच्या गाड्या वाटेत उभ्या राहिल्या. वडोदरा एक्स्प्रेसमधील प्रवाशांना बाहेर काढण्यासाठी राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाचे जवान बोटी घेऊन आले. वसईच्या मिठागर भागात सुमारे ४०० लोक अडकले होते. वीज उपकेंद्रात पाणी शिरल्याने मोठ्या भागाचा पुरवठा बंद झाला. पुढे महापालिकेने नीरी आणि आयआयटी मुंबई या संस्थांकडून पूरस्थितीचा अभ्यास करून घेतला. पावसाचे पाणी थोपवून धरणाऱ्या तलावांची सूचना त्यातून पुढे आली. जुन्या वसईकडे असे तलाव होतेच, ही त्यातली खंत.

बातम्यांत बोटी आणि जवान दिसतात. परंतु अशा पुरात बहुसंख्य माणसे बोटीत नसतात, ती आपापल्या इमारतीत असतात. वीज नाही म्हणून पंप नाही, पंप नाही म्हणून गच्चीवरच्या टाकीत जेवढे पाणी आहे तेवढेच. लिफ्ट बंद. तळमजल्यावरची दुकाने पाण्यात. फोनची बॅटरी उतरत चाललेली. काल जिन्यात एकमेकांना नुसते ‘केम छो’, ‘काय म्हणता’ विचारणारी वीस-पंचवीस बिऱ्हाडे रातोरात एका नावेत बसल्यासारखी होतात. त्यांनी एकमेकांना निवडलेले नसते. कोणी गुजराती, कोणी मारवाडी, कोणी कोकणातून आलेले, कोणी उत्तर भारतातून. कोणाचे मेंटेनन्सवरून गेल्या सभेत भांडण झालेले. पुढचे दोन दिवस कसे जातील हे पाण्याच्या उंचीवर जेवढे अवलंबून असते, जवळजवळ तेवढेच ही माणसे एकमेकांशी कशी बोलतात यावरही असते.

सर्वांत आधी कोणीतरी माणसे मोजावी लागतात. ही गोष्ट ऐकायला क्षुल्लक वाटते. प्रत्यक्षात पहिल्या संध्याकाळी बहुतेक जण सामान मोजत असतात. कोणत्या घरी कोण आहे, कोण कामावरून परतलेले नाही, कोणाचे इन्सुलिन चालू आहे, कोणाकडे तान्हे मूल आहे, कोणाच्या घरी तपश्चर्या चालू असून पारणे उद्यावर आले आहे, हे विचारायला कोणी दार ठोठावले की त्याच क्षणी अनोळखी बिऱ्हाडांचा गट होऊ लागतो. हे काम अध्यक्ष किंवा सेक्रेटरीनेच करावे असे नाही. पुष्कळदा एखादी काकी किंवा बा ते अधिक चांगले करते, कारण तिला दार उघडून आत घेतले जाते.

त्यानंतर साठ्याचे खरे बोलणे. टाकीत किती पाणी आहे, हे एकाने वर जाऊन पाहावे आणि सर्वांना तोच आकडा सांगावा. दोन माणसांनी दोन आकडे सांगितले की तिसऱ्या घरात बादल्या भरून ठेवायला सुरुवात होते. साठेबाजी लोभातून होते असे आपण मानतो. पुरात ती बहुधा भीतीतून होते, आणि भीती अपुऱ्या माहितीतून येते. अपरिग्रहाचा उपदेश त्या घटकेला फारसा कामाला येत नाही. खरा आकडा आणि वाटपाची ठरलेली वेळ मात्र कामाला येते. ज्यांनी दुष्काळात किंवा नोटाबंदीच्या दिवसांत दुकान चालवले आहे, त्यांना गिऱ्हाइकांच्या गर्दीचा हा स्वभाव माहीत असतो. ‘माल आहे, सर्वांना मिळेल, पण प्रत्येकी एवढाच’ हे वाक्य कोणत्या आवाजात म्हणायचे, हे कौशल्य गल्ल्यावर शिकलेले असते.

दुकानदाराची गोष्ट निघालीच आहे तर तिच्यातील अवघड भागही सांगितला पाहिजे. तळमजल्यावरच्या किराणा दुकानात पाणी शिरते तेव्हा त्याचे नुकसान आधीच झालेले असते. वरच्या फळीवर वाचलेला माल हीच त्याची उरलेली पुंजी. अशा वेळी वरच्या मजल्यांवरील लोक त्याच्याकडे दानशूरपणाची अपेक्षा धरतात आणि तो भाव वाढवेल असा संशयही धरतात, दोन्ही एकदमच. तो बिचारा अर्ध्या रात्री गुडघाभर पाण्यात साखरेची पोती उचलत होता, तेव्हा किती जण खाली आले होते? जेथे माणसे पोती उचलायला खाली उतरतात, तेथे सकाळी वही निघते, नेहमीच्याच भावाने नावे लिहिली जातात आणि पैसे नंतर येतात. जेथे कोणी उतरत नाही, तेथे शटर बंद राहते आणि दोन्ही बाजू पुढची दहा वर्षे ते विसरत नाहीत.

जैन घरांच्या काही सवयी अशा दिवसांत अनपेक्षितपणे उपयोगी पडतात. चौविहार पाळणारे घर दिवस मावळण्याआधीच जेवणे आटोपते, त्यामुळे मेणबत्ती स्वयंपाकासाठी जाळावी लागत नाही. पाणी उकळून पिण्याचा नियम पुराच्या काळात डॉक्टरही सांगतात. खाकरे, मगज, सुका नाश्ता डब्यांत असतोच. परंतु याच सवयी गटात अडचणीच्याही ठरू शकतात. शेजाऱ्याने आपुलकीने पाठवलेल्या बटाट्याच्या भाजीचे काय करायचे? ती नाकारताना चेहऱ्यावर आलेली एक आठी दोन दिवसांची जवळीक घालवू शकते. ‘आमचा नियम आहे, पण तुमच्या हातचा चहा मात्र चालेल’ असे म्हणणाऱ्याने नियमही पाळला आणि शेजारही राखला.

ऐकण्याच्या बाबतीत वसईची एक खासियत आहे. येथील जुन्या रहिवाशांना, कोळी, आगरी, वाडवळ आणि सामवेदी ख्रिस्ती शेतकऱ्यांना, पाण्याची भाषा कळते. आज तिथी कोणती, भरती किती वाजता लागेल, कोणत्या बाजूचे पाणी आधी उतरेल, हे त्यांच्या बोलण्यात सहज येते. इमारतीचा पहारेकरी किंवा भाजीवाली मावशी जर जवळच्या गावची असेल, तर पहिल्या रात्री तिचा अंदाज चौथ्या मजल्यावरील इंजिनियरच्या अंदाजाहून अधिक खरा ठरू शकतो. अनेकान्ताचा विचार पाठशाळेत सात आंधळे आणि हत्तीच्या गोष्टीतून शिकवला जातो. त्याचा व्यवहारातला अर्थ जिन्यावर भरणाऱ्या अशा बैठकीत कळतो. ज्याला पाण्याची एक बाजू माहीत आहे त्याला बोलू द्यायचे, मग तो खुर्चीवर बसलेला असो वा पायरीवर. ज्येष्ठाने आपले मत शेवटी सांगितले तर हे जमते. त्यांनी ते आधी सांगितले की बाकीचे मान डोलावतात आणि मावशी गप्प राहते.

प्रवास, पाऊस आणि अडकून पडलेली माणसे यांची कथा जैन परंपरेत आरंभालाच आहे. भगवान ऋषभदेवांच्या पूर्वभवांची मोजदाद धन्ना सार्थवाहापासून होते. धन्ना मोठा व्यापारी तांडा घेऊन वसंतपूरला निघाला. वाटेत कोणाला काही कमी पडू देणार नाही असे त्याने सर्वांना कबूल केले होते. आचार्य धर्मघोष आपल्या साधूंसह त्याच तांड्याबरोबर निघाले. रानात असतानाच पाऊस लागला, वाटा बुडाल्या, तांड्याला मुक्काम ठोकावा लागला. दिवस लांबले, शिधा संपला, माणसे कंदमुळांवर राहू लागली. साधूंना तर तेही चालत नव्हते. धन्ना एवढ्या मोठ्या तांड्याच्या काळजीत गुंतलेला होता आणि त्याला साधूंची आठवणच राहिली नाही. एके रात्री ती झाली. सकाळी तो आचार्यांकडे गेला, आपली चूक कबूल केली, क्षमा मागितली आणि भावपूर्वक तूप वहोरावले. तेथे त्याला सम्यक्त्वाचा स्पर्श झाला असे परंपरा मानते.

या कथेत धन्ना वाईट माणूस नाही. तो कामसू आणि दानशूर आहे, आणि तरीही विसरतो. जे आरडाओरडा करतात त्यांची सोय आधी होते. जे मागत नाहीत, ते यादीतून गळतात. आजच्या इमारतीत ती साधूंची जागा चौथ्या मजल्यावर एकट्या राहणाऱ्या आजींची असते, किंवा भाड्याच्या खोलीत राहून नोकरी करणाऱ्या दोन मुलांची, ज्यांना सोसायटीच्या सभेला बोलावले जात नाही. धन्नाने रात्री उठून केलेली उजळणी हे नेतृत्वाचे खरे काम होते. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी स्वतः जाऊन ‘चुकलो’ म्हणणे, हे त्याहून अवघड.

तांड्याचा नायक कसा आहे हे पारखूनच त्याच्याबरोबर निघावे, हा विचारही जुनाच आहे. बृहत्कल्पभाष्यात साधूंनी कोणत्या सार्थाबरोबर प्रवास करावा याची चर्चा आहे. गाड्यांचे तांडे, बैल-उंटांचे तांडे, डोक्यावर ओझे वाहणाऱ्यांचे तांडे असे प्रकार तेथे सांगितले आहेत. सुरक्षित प्रवास ही त्या काळी चैन नव्हती, जिवाचा प्रश्न होता. व्यापारी आणि साधू एकाच तांड्यात चालत आणि दोघांनाही एकमेकांची गरज असे. तत्त्वार्थसूत्राच्या पाचव्या अध्यायात जीवांचे कार्य म्हणून परस्परांवरील उपकार सांगितला आहे. तो विचार अशाच वाटांवर चालणाऱ्या लोकांना सहज पटला असेल.

दूरच्या देशातील एक अलीकडचे उदाहरण येथे आठवते. ५ ऑगस्ट २०१० रोजी चिली देशातील सॅन होजे खाणीत दरड कोसळली आणि ३३ कामगार जमिनीखाली अडकले. पहिले १७ दिवस वरच्या जगाशी त्यांचा काहीही संपर्क नव्हता. जवळ दोन-तीन दिवसांपुरतेच अन्न होते. पाळीचे प्रमुख लुईस उर्सुआ यांनी ते घोटाघोटाने, घासाघासाने पुरवले. कामे वाटून दिली आणि महत्त्वाचे निर्णय सर्वांच्या मताने घेतले. ६९ दिवसांनी, १३ ऑक्टोबरला, ते सर्व जिवंत बाहेर आले. उर्सुआ सर्वांत शेवटी वर आले. धन्नाच्या तांड्यात आणि या खाणीत शेकडो पिढ्यांचे अंतर आहे. तरी शिध्याचा घास सर्वांसमोर मोजणे आणि प्रमुखाने आपली पाळी मागे ठेवणे या दोन गोष्टी दोन्हीकडे ओळखीच्या वाटतात.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी आवाज चढतात. पहिल्या दिवसाचा उत्साह संपलेला असतो, झोप झालेली नसते, संडासाच्या पाण्यावरून वाद होतो. भाषा समिती, म्हणजे मोजके, खरे आणि समोरच्याला न दुखावणारे बोलणे, हा साधूंचा आचार आहे. अशा जिन्यात मात्र त्याची गरज गृहस्थालाच अधिक भासते. ‘तुम्ही नेहमीच असे करता’ या वाक्यातील ‘नेहमीच’ हा शब्द गाळला तरी अर्धे भांडण विझते. आणि रात्री झोपण्यापूर्वी खमावून घेण्यासाठी संवत्सरीपर्यंत थांबण्याचे कारण नाही.

सोपाऱ्याहून वसईच्या किल्ल्याकडे जाणारा रस्ता गावांमधून जातो. किल्ल्याच्या आत आता झाडी आणि छप्पर नसलेली चर्चे आहेत. पोर्तुगीजांना वसई १५३४ च्या तहाने मिळाली आणि दोन शतकांनंतर, १७३९ च्या फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत, चिमाजी आप्पांच्या सैन्याने तिला वेढा घातला. दोन्हीकडे माणसे मोठ्या संख्येने पडली. त्या हिंसेचे वर्णन या पानांवर करण्याची गरज नाही. नोंद घ्यावी ती शेवटाची. आतले वरिष्ठ सेनानी मारले गेले होते आणि काएतानो डिसूझा परेरा या अधिकाऱ्यावर निर्णयाची वेळ आली. त्याने शरणागतीचे निशाण लावले. चिमाजी आप्पांनी किल्ल्यातील लोकांना आपल्या कुटुंबकबिल्यासह आणि चीजवस्तूंसह सुखरूप निघून जाण्यास मुदत दिली. किल्ला जिंकणाऱ्याचे स्मारक वसईत आहे, आणि ते असायलाच हवे. पण आत अडकलेल्या बायकामुलांच्या बाजूने पाहिले तर ‘आता पुरे’ म्हणणारा एक जण आणि ते ऐकून घेणारा दुसरा, अशा दोघांमुळे ती वाचली.

परतीच्या प्रवासाला वसई रोड स्थानक. विरारहून मुंबईला १२ एप्रिल १८६७ रोजी पहिली लोकल गेली, तेव्हा दिवसाला एकच गाडी होती. आज विरार लोकलचा डबा ही रोजचीच एक कसोटी आहे. मुंबईकर तिच्याविषयी भीतीने बोलतात. नेहमी प्रवास करणारे मात्र त्या डब्यात स्वतःची व्यवस्था लावून बसलेले असतात. अंधेरी आली की बसलेला उठतो आणि उभ्याला जागा देतो, सांगावे लागत नाही. तीन जणांच्या बाकावर चौथ्यासाठी सरकतात. कोणी चार दिवस दिसले नाही तर घरी फोन जातो. नव्या माणसाला हे नियम कोणी समजावत नाही आणि म्हणून तो सुरुवातीला धक्के खातो, ही त्या व्यवस्थेतील उणीव आहे. महिलांच्या डब्यात भाजी निवडणे, डोहाळजेवण आणि भांडण हे सर्व एकाच प्रवासात उरकते.

आगाशीची यात्रा करून निघालेले एखादे कुटुंब संध्याकाळी अशा डब्यात चढते. सूर्य मावळायला अर्धा तास असतो, चौविहार सांभाळायचा असतो. खिडकीजवळची बाई आजींच्या हातातील डबा पाहते, काही न विचारता उठते आणि त्यांना बसवते. आजी डबा उघडतात, खाकऱ्याचा एक तुकडा आधी तिच्या हातावर ठेवतात. नायगाव येते, गाडी खाडीपुलावर चढते, आणि खाली भरतीचे पाणी मिठागरांच्या बांधांना लागलेले दिसते.